चिखलातून दगडी पुलाकडे: वाट कशी चालायची आणि पूल कुठून बघायचा

जुना दगडी पूल बघायला निघालेल्या बहुतेकांना वाटेतला चिखल म्हणजे अडचण वाटते. मला तो पुलाच्या माहितीचा पहिला भाग वाटतो. जुन्या बांधकामांची मापं घेऊन त्यांचे नकाशे काढणं हे माझं काम, त्यामुळे नदीकाठच्या ओल्या जमिनीवरून पुष्कळ चालणं होतं. जमीन कुठे घट्ट लागते, कुठे पाय आत जातो, कुठे अचानक खडक वर येतो, हे चालता चालता समजलं की पूल नेमका त्याच जागी का बांधला हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून रस्ता थेट पुलापर्यंत जात असला तरी मी सोबतच्या लोकांना बरंच अलीकडे उतरवते आणि काठाकाठाने चालवत नेते. कसं चालायचं, काय सोबत घ्यायचं आणि पोचल्यावर काय बघायचं, ते इथे लिहिते आहे.

कधी निघायचं

पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी, नदी खाली बसली असेल पण वाट अजून ओली असेल, तेव्हा. याला कारण आहे. नदी भरलेली असताना पुलाचा निम्मा भाग पाण्याखाली असतो आणि बघण्यासारखं जे आहे ते नेमकं तिथेच असतं. आणि सगळं कोरडं खडखडीत झाल्यावर गेलात तर माती काही बोलत नाही. मधल्या दिवसांत पुराच्या खुणाही ताज्या असतात. झुडपांत अडकलेलं वाळकं गवत, काटक्या, प्लॅस्टिकच्या चिंध्या कुठवर चढल्या आहेत ते बघा. तेवढं पाणी इथे नुकतंच येऊन गेलेलं असतं. कित्येकदा ती रेषा आपल्या डोक्याच्याही वर असते, आणि ती एकदा पाहिली की नदीकडे बघण्याची नजर बदलते.

आपल्या डोक्यावर आभाळ मोकळं आहे एवढ्यावर भरवसा ठेवू नका. पाणी येतं ते वरच्या अंगाने. नदीच्या उगमाकडच्या भागात पाऊस आहे का, वर धरण असेल तर पाणी सोडणार आहेत का, हे निघण्याआधी विचारून घ्या. तिकडे पाऊस असेल तर बेत पुढे ढकला.

उजेडाचंही थोडं गणित असतं. ऊन तिरपं असलं की दगडावरच्या टाकीच्या, म्हणजे छिन्नीच्या, खुणा सावलीने उठून दिसतात. भर दुपारी तोच दगड सपाट वाटतो. त्यामुळे सकाळी लवकर निघणं चांगलं, परतीलाही पुरेसा उजेड राहतो. चिखलातल्या वाटेला कोरड्या वाटेच्या दीडपट ते दुप्पट वेळ धरा. कमानीच्या पोटातला भाग बघायला मात्र ढगाळ दिवस उत्तम, कारण बाहेरच्या उन्हाने डोळे दिपत नाहीत आणि आतला अंधार लवकर सरावाचा होतो.

अंगावर आणि सोबत

बुटाच्या तळाचे खाचे खोल हवेत आणि एकमेकांपासून लांब हवेत. खाचे दाट असले की त्यांत माती बसते, तळ गुळगुळीत होतो आणि दहा पावलांत बूट असून नसल्यासारखा. घोट्याच्या वर येणारे, नाडीने घट्ट बांधता येणारे बूट मला सर्वांत विश्वासाचे वाटतात. गमबूट पाणी अडवतात खरे, पण सैल असले तर चिकणमातीत बूट तिथेच राहतो आणि पाय मोज्यासकट बाहेर येतो. गमबूटच घालायचे असतील तर आत जाड मोजे घाला, पाय हलायला नको. चप्पल आणि पट्ट्यांची सँडल या वाटेला नकोच. चिखलात काचा असतात, काटे असतात, तारेचे तुकडे असतात.

जीन्स घालू नका. भिजली की जड होते, मांडीला चिकटते आणि सुकता सुकत नाही. पातळ, लवकर सुकणारी पँट घाला. मोज्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा आणि तो परतीलाच काढा.

काठी मात्र हवीच. खांद्याएवढी उंच, अंगठ्यापेक्षा जाड, सरळ. माझी ताई गुडघ्यांमुळे दोन काठ्या घेते, आणि उतारावर ती माझ्यापेक्षा निवांत उतरते. काठी आधाराला तर असतेच, पण तिचं मोठं काम चाचपण्याचं आहे. तिच्यावर दर वीतभर अंतरावर चाकूने खूण करून ठेवा. म्हणजे चिखल किती खोल आहे ते अंदाजाने नाही, मापाने कळेल. पुलापाशीही ही खूण उपयोगी पडते.

पायाला किंवा हाताला कापलेलं, खरचटलेलं असेल तर पाणी आत जाणार नाही अशी पट्टी लावून निघा. उंदरांच्या आणि गुराढोरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्याचिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि त्याचे जंतू बारीक जखमेतूनही आत शिरतात. परत आल्यावर साबणाने हातपाय धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना ‘चिखलपाण्यातून चाललो होतो’ हे आवर्जून सांगा. ते सांगितलं नाही तर तापाचं कारण दुसरीकडेच शोधलं जातं.

टॉर्च, एक मोजपट्टी, वही, पेन्सिल, पिण्याचं पाणी. एवढ्यावर भागतं. सोबत कुणीतरी असावं, आणि घरी कुणाला तरी वाट आणि परतायची वेळ सांगून ठेवावी.

चिखलात पाऊल कसं टाकायचं

सगळा चिखल एकसारखा नसतो. वाटेत थांबून चिमूटभर माती बोटांत चोळा. खरखरली तर रेती जास्त आहे, पाणी लवकर निचरतं, पाय ठेवायला हरकत नाही. मऊ लागली पण वळी केली की तुटते, तर तो नदीने आणलेला गाळ. आणि तळहातावर लांब, न तुटणारी वळी वळली तर ती चिकणमाती. तिचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतात, पाणी धरून ठेवतात आणि एकमेकांवरून सरकतात. माणूस घसरतो तो बहुधा याच मातीवर.

पाऊल लहान टाका. गुडघे किंचित वाकलेले, अंग सरळ, अख्खा तळवा एकदम टेकवायचा, टाच आधी नाही. पुढच्या पायावर भार हळूहळू द्यायचा. जमीन धरते आहे असं वाटल्यावरच मागचा पाय उचलायचा. उतारावर आडवं उभं राहून बाजूबाजूने उतरायचं. ओल्या मुळावर आणि हिरवट शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवायचाच नाही, तो ओलांडून जायचं. चिखलात आपण रुततो आणि थांबतो, पण ओल्या शेवाळावर सावरायला वेळच मिळत नाही.

वाटेत डबकं आलं की सगळे कडेने जातात. मी आधी काठीने मध्य चाचपते. रोजच्या रहदारीच्या वाटेवर डबक्याच्या तळाशी खडी नाहीतर मुरूम दबून पक्का झालेला असतो, आणि कडेची माती मात्र भुसभुशीत असते. तळ लागत असेल आणि खोली घोट्याएवढीच असेल तर सरळ मधून चाला. कडेने गेल्याने वाट रुंदावत जाते, बाजूचं पीक तुडवलं जातं, बांध ढासळतो. शेताच्या बांधावरून एकामागे एक चाला, फाटक होतं तसंच पुन्हा लावा, आणि वाट कुणाच्या रानातून जात असेल तर विचारून जा. विचारायला थांबलात की आणखी एक गोष्ट मिळते: पाणी कुठवर चढतं आणि कुठे पाय ठेवू नये, हे तिथल्या माणसाइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

गुरांच्या खुरांचे ठसे बघत चला. जनावराचं वजन खुराच्या लहानशा जागेवर येतं, त्यामुळे तिथे खूर बोटभरच रुतलेला असेल तर आपल्याला भीती नाही. ठसे खोल आणि पाण्याने भरलेले असतील, किंवा तेवढ्याच भागात येऊन जनावरं वळसा घालून गेलेली असतील, तर आपणही वळसा घालावा. लव्हाळा दाट उगवलेला असेल तिथे जमीन कायम ओली असते. वरून कोरडी खपली धरलेली, भेगाळलेली गाळवट तर फार फसवी. खपली धरते, आणि एका पावलाला फुटते.

पाय रुतलाच तर ओढू नका. तळाखाली हवा शिरायला वाट नसते. आपण वर खेचतो तेव्हा तिथे पोकळी होऊ बघते आणि बाहेरचा हवेचा दाब बूट खाली दाबून ठेवतो. टाच थोडी इकडे, थोडी तिकडे हलवत राहा; बाजूने हवापाणी आत गेलं की पकड सुटते. मग बोटं खाली, टाच वर अशा बेताने पाय काढा. गुडघ्यापर्यंत गेलात तर मागे टेका, जमल्यास बसा, काठी आडवी धरून तिच्यावर भार पसरवा आणि एकेक पाय सावकाश सोडवा. चिखल आपल्या शरीरापेक्षा जड असतो, म्हणून त्यात माणूस पूर्ण बुडत नाही. घाई आणि धडपड यांनी मात्र पाय खोल जातो. खरा धोका आहे तो अडकलेल्या अवस्थेत नदीचं पाणी वाढण्याचा. म्हणून पाण्याच्या अगदी कडेच्या ताज्या गाळात शिरूच नये.

वाटेत ओढा आडवा आला आणि पाणी गुडघ्याला लागत असेल तर परत फिरा. वेगात वाहणारं १५ सेंटिमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडू शकतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळे ‘थोडंसंच तर वाढलंय’ या बोलण्याला अर्थ नसतो. आणि पाण्याचा तळ दिसत नसेल तर खोलीबद्दल कुणाचंही मत ग्राह्य धरू नका.

पूल जवळ आल्याचं पायांना कळतं

हा भाग मला सर्वांत आवडतो. गाळाची, रुतणारी जमीन सरते आणि पायाखाली मुरूम लागतो, कधी उघडा खडक. दोन्ही काठ जवळ येतात. बांधणाऱ्यांनी हीच जागा शोधलेली असते: पात्र अरुंद, काठ पक्के, पायाला खडक. पुष्कळ ठिकाणी पुलाच्या जवळच नदीचा जुना उतार असतो, म्हणजे पूल नव्हता तेव्हा लोक आणि गाड्या पाण्यातून पलीकडे जायच्या ती जागा. पाणी कमी असेल तर तिथे मुद्दाम मांडल्यासारखे दगड दिसतात आणि काठाला गाड्यांच्या रहदारीने खोल गेलेली वाट उतरताना दिसते. पूल हा त्या वाटेचा धाकटा भाऊ. वाट आधीची.

पोचल्यावर पाण्याच्या कडेला एक काटकी रोवा, अगदी पाणी टेकेल तिथे. दर पंधरा मिनिटांनी तिच्याकडे नजर टाका. पाणी काटकीच्या पुढे आलं, स्वच्छ होतं ते गढूळ झालं, पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज बदलला, यातलं एकही दिसलं तर बघणं सोडून वर या.

आधी दूर उभे राहा

पुलावर लगेच चढू नका. वरून फक्त रस्ता दिसतो. प्रवाहाच्या खालच्या अंगाला काठाने थोडं पुढे जा, पूल पूर्ण नजरेत मावेल इतकं. मग कमानी मोजा. पुष्कळ जुन्या पुलांत त्या विषम असतात, कारण मग पात्राच्या मधोमध, जिथे ओढ सर्वांत जास्त, तिथे खांब येत नाही. मी लोकांना ज्या पुलाकडे नेते त्याला पाच कमानी आहेत. मधली रुंद आणि उंच, काठाकडच्या दोन लहान आणि एरवी कोरड्या. नवख्यांना त्या दोन कमानी उगाच बांधल्यासारख्या वाटतात. त्या पुरासाठी आहेत: पाणी चढलं की त्यांतूनही वाट मिळते आणि पुलावरचा रेटा कमी होतो.

मग कमानीचा आकार बघा. पूर्ण अर्धवर्तुळ असेल तर तिचा भार खांबाजवळ पोचेपर्यंत बराचसा सरळ खाली उतरलेला असतो. पण रुंदी वाढवायची तर उंचीही वाढवावी लागते, म्हणून मग मध्ये उंचवटा असलेला पूल होतो, नाहीतर पुष्कळ जाड खांबांचा. स्पेनमध्ये ताहो नदीवरचा अल्कांतराचा रोमन पूल असा अर्धवर्तुळी कमानींचा आहे. सम्राट ट्रेजनच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी तो बांधला, आणि खोल दरीमुळे त्याला उंचीची अडचण नव्हती. वर्तुळाचा लहानसा तुकडा घेतल्यासारखी चपटी कमान असेल तर रस्ता सपाट राहतो, मात्र कमान दोन्ही काठांना बाहेर रेटत राहते. काठ पक्केच हवेत. चीनमधला आनजी पूल असा आहे: ली चुन या कारागिराने इसवी सन ६०५ च्या सुमारास पुरा केलेला, सुमारे ३७ मीटरची एकच कमान, आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर दोन-दोन लहान कमानी. त्या लहान कमानींनी वजन घटतं आणि पुराच्या पाण्याला वाटही मिळते. वेल्समध्ये पाँटीप्रिद इथे विल्यम एडवर्ड्सने आधीचे प्रयत्न कोसळल्यावर १७५६ मध्ये जो पूल उभा केला, त्याच्या खांद्यांत आरपार गोल भोकं ठेवली, तीही वजन घटवायलाच. आपल्यासमोरच्या पुलात अशी भोकं दिसली तर ती शोभेची समजू नका.

आता एक प्रयोग करा. समोरून, शक्य तितका सरळ, एका कमानीचा फोटो घ्या आणि फोन उलटा धरा. गळ्यातली बारीक साखळी दोन्ही टोकांनी धरून त्या उलट्या फोटोसमोर लोंबकळत सोडा, टोकं कमानीच्या दोन्ही पायांशी. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७५ मध्ये हेच तत्त्व कोड्यातल्या अक्षरांत छापलं होतं: साखळी लोंबताना जो आकार घेते, तोच उलटा केला की दगडाची कमान उभी राहते. साखळीत फक्त ताण असतो, कमानीत फक्त दाब. साखळी कमानीच्या दगडांच्या जाडीच्या आतच मावत असेल तर कमान का टिकली ते डोळ्यांना दिसतं. खऱ्या पुलावर भार एकसारखा नसतो, कमान आणि वरचा रस्ता यांच्यामधल्या भरावाचं वजन खांद्यांवर जास्त येतं, त्यामुळे हा हिशेब ढोबळच. पण १७४८ मध्ये जोव्हानी पोलेनीने रोममधल्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटाची तपासणी अशाच, वजनं अडकवलेल्या साखळीने केली होती.

कमानीखाली

काठाकडची कोरडी कमान असेल तरच खाली जा. शिरण्याआधी टॉर्चने छत बघून घ्या. मधमाश्यांचं किंवा गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर मागे या. धूर नको, मोठ्याने बोलणं नको. दगडांच्या फटींत वटवाघळं असतील तर टॉर्च त्यांच्यावर रोखू नका.

डोळे सरावले की कमान जिथून वळायला लागते ती रेषा शोधा. तिथे भिंतीतून थोडे पुढे आलेले दगड किंवा चौकोनी खाचा दिसतील. त्यांवर लाकडी साचा टेकवला होता. कमानीचे सगळे दगड त्या साच्यावर दोन्ही बाजूंनी चढवत न्यायचे, माथ्यावरचा कळीचा दगड बसवायचा, आणि मग साचा उतरवायचा. तोवर कमान स्वतःच्या पायावर नसतेच. साचा सुटल्यावर ती थोडी खाली बसते, दगड एकमेकांवर घट्ट दाबले जातात. फ्रान्समधल्या पाँ द्यु गार या रोमन जलसेतूवरही असे पुढे आलेले दगड अजून आहेत. गेलेल्या लाकूडकामाची एवढीच खूण दगडात उरते, म्हणून मी ती रेषा मोजल्याशिवाय पुढे जात नाही.

दर्जा बघा, म्हणजे दोन दगडांमधले सांधे. जितका सांधा बारीक तितका दगड घडवायला वेळ दिलेला. चुन्याचा सांधा असेल तर नखाने किंचित खरवडला जातो. चुना हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेत वर्षानुवर्षं कठीण होत जातो, तरी थोडा लवचीक राहतो. पूल किंचित हलला तर सांधा ते सोसतो. करड्या, कडक सिमेंटने दर्जा भरलेल्या दिसल्या की मला वाईट वाटतं. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही. मग ती ओल दगडातूनच बाहेर पडते, आणि सांधा शाबूत राहून शेजारचा दगड झडतो. चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीने पुलाचं असं नुकसान झालेलं पुष्कळ दिसतं.

छताला पांढरे ओघळ, बारीक लोंबत्या कांड्या दिसतात त्या चुन्याच्याच. वरून पाणी भरावात मुरतं, चुना विरघळवून खाली आणतं. थोडे असतील तर वय समजा. एकाच जागी दाट, ताजे, टपटपते असतील तर वरचा निचरा बंद झालेला आहे. मग भेगा बघा. सांध्यातल्या केसभर भेगेला फार घाबरायचं कारण नाही, दगडी कमान ती धरून शतकानुशतकं उभी राहते. कमानीच्या लांबीने, बाहेरच्या तोंडापासून हातभर आत समांतर गेलेली भेग मात्र नोंदवून ठेवा. आतल्या भरावाने बाजूची भिंत बाहेर ढकलली जाते तेव्हा ती अशी दिसते. कुठे दगडांचा रंग आणि घडण एका सरळ रेषेत बदलत असेल तर पूल नंतर रुंद केला आहे, आणि त्या रेषेच्या दोन बाजू दोन काळांतल्या आहेत.

खांबाच्या पायाशी

आता चिखल आणि पूल एकत्र येतात. खांबाची प्रवाहाच्या वरच्या अंगाची बाजू बहुधा टोकदार असते, पाणी दुभंगून जावं म्हणून. नकाशा न बघता प्रवाहाची दिशा सांगायला एवढं पुरतं. पण टोक असलं तरी पाणी खांबाला आपटून खाली वळतं, तळाशी भोवरा होतो आणि तो पायाजवळची माती उपसत जातो. समुद्रकाठी उभं राहिलं की परतणारी लाट टाचेखालची वाळू काढून नेते, अगदी तसं. जगभरात नद्यांवरचे पूल पडतात त्यांतलं सर्वांत मोठं कारण हे आहे. वरचा दगड जागच्या जागी असतो, पाया जातो.

आणि फसगत अशी, की पूर ओसरताना पाणी मंदावतं आणि तो खड्डा नव्या गाळाने भरून टाकतं. वरून सगळं सपाट दिसतं. कोरड्या कमानीतल्या खांबाजवळ उभे राहून, पाण्यात न उतरता, काठीने चाचपून बघा. आधी खांबापासून दोन-तीन पावलं दूर, मग टोकाजवळ. दूरच्या जागी काठी बोटभर जाऊन थांबते आणि खांबाच्या टोकाशी दोन-तीन खुणा आत जाते, असं झालं तर तिथे खड्डा होता आणि तो पोकळ गाळाने भरलेला आहे. वाटेत माती चोळून बघितली होती ती इथे कामाला येते: भोवतालची जुनी माती चिकट आणि दबलेली, खड्ड्यातली नवी, मऊ, वळी न धरणारी. तिथे पाय ठेवू नका.

२९ डिसेंबर २०१५ ला इंग्लंडमध्ये टॅडकॅस्टर इथला वॉर्फ नदीवरचा दगडी पूल पुरात अर्धवट कोसळला तो खांबाखालची जमीन धुऊन गेल्याने. पूल आधीच बंद केलेला होता, म्हणून माणसं वाचली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला आणि वाहनांसकट माणसं गेली. पाणी कमानीच्या वळणाला टेकलेलं असताना जुन्या पुलावर थांबून बघत राहणं, फोटो काढणं, हे कुणीही करू नये. पुलाने शंभर पूर बघितले असतील, पण मागच्या पुराने त्याच्या पायाचं काय केलं ते वरून दिसत नाही.

मग वर

वर फार वेळ लागत नाही. खांबांच्या टोकांवर कठडा बाहेर वळून लहान कोनाडे झालेले असतील, ते गाडी आली की पायी चालणाऱ्याने बाजूला व्हायला. अजूनही त्याच कामाला वापरा, जुने पूल अरुंद असतात. कठड्याच्या दगडांत लोखंडी पट्टी आणि तिच्याभोवती शिसं दिसलं तर थांबा. दोन दगड लोखंडाने जोडून त्यात वितळलेलं शिसं ओतायची रीत फार जुनी. बॉस्नियातल्या मोस्तारचा १५६६ चा पूल असा बांधला होता. ९ नोव्हेंबर १९९३ ला युद्धात तोफांच्या माऱ्याने तो पडला आणि पुन्हा बांधून २००४ मध्ये खुला झाला. आपल्या पुलावरचं लोखंड गंजून फुगलं असेल तर दगडाच्या कोपऱ्याला तडा दिसेल. कठड्यावर डोळा ठेवून लांबवर बघा: तो सरळ असला पाहिजे. मध्येच बाहेर फुगलेला असेल तर खाली पाहिलेल्या भेगेशी ती जागा जुळते का ते बघा. सांध्यांतून झाडाचं रोप उगवलं असेल तर उपटू नका. मुळं आत दगडांना धरून असतात, ओढलं की दगडही सुटतो. जागा लिहून ठेवा.

परत आल्यावर

बूट तिथेच काठावर काठीने खरवडा आणि घरी लगेच धुवा, दुसऱ्या नदीवर जाण्याआधी तर नक्कीच. चिखलातून बिया, जलवनस्पतींचे तुकडे, माशांचे आणि झाडांचे रोग एका नदीतून दुसरीत जातात. धुतल्यावर आतला तळ काढून बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासा-दोन तासांनी बदला, आणि वाऱ्यावर सावलीत वाळवा. चुलीजवळ, हीटरजवळ ठेवले तर चामडं तडकतं आणि तळाचा गोंद सुटतो.

फोटोंवर तारीख, प्रवाहाची दिशा आणि कमानीचा क्रमांक त्याच दिवशी लिहा. क्रमांक नेहमी एकाच काठापासून. मोजपट्टी किंवा खुणांची काठी फोटोत असेल तर ते माप ठरतं, नाहीतर नुसतं चित्र. बाहेर फुगलेली भिंत, नवी भेग, खांबाच्या पायाशी लागलेला खड्डा, यांतलं काही दिसलं असेल तर पूल ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्यांना दोन ओळींचं पत्र आणि फोटो पाठवा: कितवी कमान, कुठली बाजू, किती माप. पुढच्या पावसानंतर त्याच जागी उभे राहून तोच फोटो पुन्हा काढा आणि पहिल्या फोटोशेजारी ठेवून तो त्यांना पाठवा, कारण भेग वाढते आहे की तेवढीच आहे हे ठरवायला त्यांना दोन तारखांची मापं लागतात.